उजव्या खिशाचा कोट

माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे बाहेर जायचे एकूण आठ ड्रेस आहेत. माझ्याकडे किती आहेत ते विचारू नका. कपाटाचं दार गुडघा लावल्याशिवाय बंद होत नाही, आणि तरी कुठे निघायचं म्हटलं की त्याच दारासमोर उभी राहून "घालायला काहीच नाही" म्हणत मी नवऱ्याचं डोकं खाते. ताई दहा मिनिटांत तयार होऊन येतात आणि लोक त्यांनाच विचारतात, "नवीन का हो?" त्या सरळ सांगतात, "छे, सात वर्षं झाली याला." कालच पार्सलने आलेल्या माझ्या ड्रेसकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून कित्येक वर्षं माझा याच गोष्टीवरून जळफळाट चालू होता.

ताई लाँड्रीच्या काउंटरवर बसतात. आलेला कपडा उलटा करायचा, डाग, उसवण, सैल बटण बघायचं, चिठ्ठी लावून आत पाठवायचा, हेच काम गेली सव्वीस वर्षं. त्यामुळे कपडा कशाने मरतो हे त्यांना तोंडपाठ आहे. उन्हाने मरतो, गरम पाण्याने मरतो, तारेच्या हँगरवर खांदे पडून मरतो; घालून घालून मरणारे फार थोडे, असं त्या म्हणतात. त्यांचे निम्मे कपडे जुन्या बाजारातले. तिथेसुद्धा रंगबिंग नंतर. आधी कपडा उलटा करून शिवणीत माया किती सोडलीय ते बघायचं. आत बोटभर जादा कापड असलं की कपडा सैल करता येतो, अंगाबरोबर आणखी दहा वर्षं चालतो. माझ्या पार्सलच्या ड्रेसातली माया शोधायला त्यांनी चष्मा लावला होता. "अगं, हा शिवलाय की चिकटवलाय?" एवढंच म्हणाल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी ड्रेस काखेत उसवला.

आमचे सासरे, म्हणजे बाबा, निवृत्त मुख्याध्यापक. वय एक्याऐंशी, ताठा पंचविशीतला. त्यांचा कोट एकच, गडद निळा, आणि त्या कोटाच्या शिंप्याचं कौतुक घरात बावीस वर्षं चालू होतं. "मी डावखुरा आहे हे त्या माणसाने न सांगता ओळखलं! वरचा खिसा उजवीकडे ठेवला. बटणंसुद्धा उलट्या बाजूला. कारागीर असा असतो. नाहीतर आमच्या घरात शर्टाला इस्त्री करायला दिली तर कॉलर जाळून ठेवतात." हा टोमणा ताईंना. नवीन लग्न झालेलं असताना त्यांच्या हातून एकदा कॉलर जळली होती. तेव्हापासून बाबांचे कपडे बाहेरच जायचे. ताई हसून घ्यायच्या. त्यांच्या जागी मी असते तर तीच इस्त्री कोटावर ठेवली असती.

बाबांच्या शाळेत नवं वाचनालय उघडणार होतं आणि रविवारी भाषणाला त्यांना बोलावलं होतं. पंधरा दिवस ते भाषण पाठ करत होते. पण कोट बाहेर काढला तर खांद्यांवर तपकिरी झाक आलेली, कोपर चकाकत होते. माझ्या नवऱ्याने नवा आणू म्हटलं. बाबा म्हणाले, "दुकानातला तयार कोट मी घालणार नाही. हा चांगला दिसणार नसेल तर येत नाही म्हणून कळवा." आणि भाषणाचे कागद खणात ठेवून दिले. शाळेला मात्र आम्ही कुणीच काही कळवलं नाही.

इथे मला दुर्बुद्धी सुचली. ताईंनी एकदा स्वतःचं जुनं जॅकेट पूर्ण उसवून, कापड पालटून, विटलेली बाजू आत आणि आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवलेलं मी पाहिलं होतं. नव्यासारखं झालं होतं. म्हटलं, आपणही करू, एकदा तरी या घरात माझं नाव होऊ दे. बुधवारी ताई कामावर गेल्या, बाबा दुपारचे आडवे झाले, आणि मी ब्लेड घेऊन बसले. तीन वाजेपर्यंत बाह्या, पाठ, पुढचे दोन्ही भाग, सगळं पलंगावर सुटं झालं. मग मी कापड उलटं करून खिडकीशी नेलं. आतली बाजूही विटलेली होती. उजव्या खिशाच्या बरोबर मागे आणखी एका जुन्या खिशाच्या सुईची भोकं होती. हा कोट आधीच एकदा पालटलेला होता. आणि आतल्या हातशिलाईत प्रत्येक दोऱ्याच्या शेवटी एकावर एक तीन बारीक टाके होते. असे टाके घालणारी एकच बाई मला माहीत आहे.

ताई साडेपाचला आल्या. पलंगावरचं ते प्रेत बघून खाली बसल्या.

"अगं, विचारायचंस तरी."

"तुम्ही सांगायचंत तरी!" मी रडत रडत भांडले. "बावीस वर्षं त्या शिंप्याच्या आरत्या ऐकल्यात तुम्ही!"

"बाबांचा हा कोट विटला म्हणून शिंप्याकडे दुरुस्तीला नेला, तर शिंपी म्हणाला, फेकून द्या. तेव्हा तुझा नवरा कॉलेजात, नवा कोट परवडणार नव्हता. मी शिवला म्हटलं असतं तर बाबांनी हात लावला नसता. जळलेल्या कॉलरचं प्रकरण ताजं होतं ना." त्या तुकडे उजेडात धरून बघत होत्या. "शिंप्याच्याच पिशवीत घालून दिला. त्यांना आवडला. मग काय सांगायचं?"

कोट पुन्हा होणार नव्हता. पण बाबा आता निम्मे राहिलेत, आणि बिनबाह्यांच्या जाकिटाला कापड थोडं लागतं. पाठीच्या खालच्या कापडातून पुढचे दोन भाग निघाले. खिशांच्या झाकणाखालचं आणि शिवणीतल्या मायेचं कापड अजून पहिल्या दिवसासारखं गडद होतं, ते काठांना गेलं. जाकिटाची पाठ अस्तराच्या कापडाची असते. त्यासाठी ताईंनी आपला करडा ड्रेस काढला आणि मी "नको" म्हणेपर्यंत त्याचा घेर कापला. आठातला एक गेला. मी ओलं फडकं ठेवून इस्त्रीने शिवणी दाबत होते, त्या शिवत होत्या. तीन संध्याकाळी मी त्यांच्या बोटांकडे बघत बसले. इतकी वर्षं मी या बाईचा हेवा केला आणि चुकूनसुद्धा काही शिकले नाही, याची मला खरोखर लाज वाटली.

रविवारी सकाळी बाबांसमोर जाकीट आलं.

"हे काय? माझा कोट कुणी कापला?"

"मी उसवला," मी म्हटलं. "आणि तो शिंप्याने शिवलाच नव्हता, बाबा. ताईंनी शिवला होता." ताईंनी माझा दंड दाबला, पण मी थांबते होय! इस्त्रीपासून पिशवीपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी जाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"म्हणजे मी डावखुरा आहे हे, सूनबाई, तू ओळखलंस?"

"नाही हो बाबा," ताई म्हणाल्या. इथेसुद्धा खोटं बोलवेना बाईला. "कापड पालटलं की खिसा आपोआप दुसरीकडे जातो. बटणंही. मला ते बदलता आलं नाही."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. बाहेर शाळेची गाडी हॉर्न वाजवत होती. ते उठले, खणातून भाषणाचे कागद काढले, आणि जाकीट अंगात न घालता ताईंपुढे धरलं.

"शिवणाऱ्याचं नाव असतं आत. तुझं घाल."

"आत्ता? गाडी आलीय, बाबा."

"थांबेल गाडी."

मी सुई ओवून दिली. ताई दारातच स्टुलावर बसल्या आणि बाबा नुसत्या शर्टावर त्यांच्यासमोर उभे राहिले, जागचे हलले नाहीत. ताईंचे डोळे भरले होते. नावातलं पहिलंच अक्षर वाकडं आलं. पुरं नाव घालून झाल्यावर त्या ते अक्षर उसवायला लागल्या, तर बाबांनी जाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि तसंच अंगात घातलं.