थंड्या इंजिनाचा आवाज

मंगरू उईके सोळा वर्षं माझा ट्रक चालवत होता, अन् मी त्याले चोर म्हणून हाकललं. आता लपवून का फायदा? साऱ्या दवनीवाड्याले माहीत आहे. सांगायचाही कंटाळा येते, पण तुम्ही त्याचं नाव काढलंच आहे तर ऐका.

मी कुंजीलाल रहांगडाले. घरची धानाची शेती, अन् सोबत एक जुना ट्रक. हंगामात लोकांचं धान राईस मिलवर पोहोचवायचं, एवढाच त्याचा धंदा. कागदावर ट्रकचा मालक मी होतो, बाकी सारं मंगरूचं. वाळलेला माणूस, बोलायले महाकंजूष. हॉर्नसुद्धा विचार करून वाजवे. दारूले कधी शिवला नाही, शौक म्हणाल तर तंबाखू-सुपारीचा खर्रा. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी पहाटे येऊन टायर ठोकून पाहून गेला, मग मांडवात बसला. त्याची बायको मले म्हणे, "मालक, याचं लग्न गाडीसंगच लावून द्यायचं होतं."

२००७ चा हिवाळा. धानाचा हंगाम ऐन भरात, अन् ट्रकनं नाटक सुरू केलं. सकाळी पहिल्यांदा सुरू केला की इंजिनातून ठक-ठक-ठक, जसं कोणी लोखंडी मुसळानं कांडून राहिलं. आठ-दहा सेकंद वाजे अन् थांबे. मग दिवसभर गाडी एकदम शहाणी. मी मंगरूसमोरच म्हटलं, "बेअरिंग गेल्या वाटते. तसं असंल तर इंजिन खोलत बसत नाही मी. सरळ भंगारात देतो." रागात बोललो. माझी जीभ पहिल्यापासून बिनब्रेकची. मंगरू बोनेट पुसत राहिला.

गोंदियाहून रत्नपाल मिस्त्रीले बोलावलं. आवाजाचा जाणकार माणूस, पण वाकडा. म्हणे, "भाऊ, गाडी गॅरेजात आणू नका. आणता आणता गरम होते, मग मी का ऐकू? रातभर उभी ठेवा, कोणी चाबी लावू नका. पहाटे मीच येतो."

आला बिचारा. डोक्याले मफलर, हात गारठलेले. आधी बोनेट उघडून इंजिनावर तळवा ठेवला अन् मान हलवली. "गरम आहे. कोणी सुरू केली?" मी इकडे-तिकडे पाहिलं. मंगरू वाकून टायर ठोकून पाहत होता. दुसऱ्या दिवशी तेच, इंजिन गरम. तिसऱ्या दिवशी मिस्त्री भडकला. "कुंजीलालभाऊ, एवढ्या थंडीत मी येऊन राहिलो, अन् तुम्ही मस्करी लावली का?"

चाबी मंगरूजवळच राहे, अन् माझी झोप अशी की अंगणात गाडी सुरू झाली तरी कळू नये. माझं डोकंच फिरलं. माझा बाप म्हणे, अति राग अन् भीक माग. ऐकलं कोणी? धान भरायले आलेले दहा-बारा लोक अंगणात उभे होते, त्यांच्यासमोर मी सुटलो. "ऑइल विकून खाल्लं तू! गाडी कोरडी चालवली, बेअरिंग खाल्ल्या, अन् आता मिस्त्री यायच्या आधी गरम करून आवाज दाबतेस? चोर आहेस तू!"

तो म्हणाला, "गरम मीच केली, मालक."

पुढचा शब्द मी त्याले बोलूच दिला नाही. "चाबी ठेव अन् निघ." त्यानं चाबी ओट्यावर ठेवली, केबिनमधून आपलं घोंगडं काढलं अन् पायीच निघाला. सोळा वर्षांत मी त्याले पायी जाताना पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी इंजिन बर्फासारखं गार. मी चाबी फिरवली. रत्नपालनं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाले टेकवलं, मूठ कानाले लावली. ठक-ठक-ठक, अन् थांबलं. तो म्हणाला, "ऑइल-प्रेशरच्या काट्यावर डोळा होता का तुमचा?" मी म्हटलं, "होता. काटा वर चढला तेव्हाच आवाज थांबला." मग तो गाडीखाली शिरला अन् ऑइल फिल्टर खोलून बाहेर आला. "हा कोणी आणला?"

मीच आणला होता. दिवाळीच्या आधी, बाजारातून, बिननावाचा. स्वस्त मिळाला म्हणून खुश होतो.

"याच्या आत ऑइल अडवायले रबराची झडप राहते," रत्नपाल म्हणाला. "याच्यात नाहीच. रातभर ऑइल खाली उतरते, अन् सकाळी इंजिन घडीभर कोरडंच फिरते. बेअरिंग अजून शाबूत आहेत. ऑइल कोणी चोरलं नाही, भाऊ." त्यानं चांगला फिल्टर बसवला. दुसऱ्या पहाटे पुन्हा आला, चाबी फिरवली. टकसुद्धा नाही. फडक्यानं हात पुसत त्यानं विचारलं, "मंगरूले बोलावलं का?"

चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता. मले माझीच लाज वाटली.

मंगरू मुर्री गावी सासऱ्याकडे होता, कुंपणाच्या काड्या बांधत. त्याच्या बायकोनं मले पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "चूक माझी झाली, मंगरू. फिल्टर हलका होता, मीच आणला होता. चल घरी."

"गाडी बरी आहे?"

"एकदम बरी."

"भंगारात नाही ना देत?"

"नाही रे बाप्पा. पण तू गरम काऊन करत होतास?"

त्यानं हातातली काडी खाली ठेवली. "तुम्हीच तर म्हटलं होतं, बेअरिंग गेल्या तर भंगारात देतो. मले वाटलं, मिस्त्रीले आवाजच आला नाही तर गाडी राहील. गाडी राहिली तर मीही राहीन." त्यानं काडी पुन्हा उचलली. "गाडी राहिली, मालक. मीच नाही राहिलो."

मी हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, "साऱ्या गावासमोर सांगतो, चूक माझी."

"चोरही साऱ्या गावासमोरच म्हटलं ना तुम्ही. आता मी पुन्हा गाडीवर बसलो, तर लोक आधी डिझेलची टाकी पाहतीन. तुम्हीही पाहसाल. नाही जमत, मालक."

तो पुन्हा काड्या बांधायले लागला. मग मी मोटरसायकलीजवळ गेलो, तर मागून त्याचाच आवाज आला.

"नव्या ड्रायव्हरले सांगा, दुसरा गिअर थोडा अडते. जोर नको लावू म्हणा, घडीभर थांबलं की आपोआप पडते."