शिष्यवृत्तीचे पाहुणे

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा मी बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला नुकतीच गेले होते. ते एका चहाच्या कंपनीसाठी दुकानांतून ऑर्डरी घ्यायचे. मोटरसायकलच्या मागे सॅम्पलची पिशवी बांधून कधी कामठीला जायचे, कधी काटोलला. पगार थोडा आणि बाकी सगळं कमिशनवर. ते कमिशन त्यांच्या बोलण्यावर मिळायचं. कामठीच्या दुकानदारांशी हिंदीत, काटोलकडच्यांशी वऱ्हाडीत, आणि आमच्या महाल वस्तीतल्या जुन्या किराणावाल्यांशी त्यांच्या नातवंडांची चौकशी करत करत. घरी आल्यावरही ते थांबायचे नाहीत. आई म्हणायची, "जेवताना तरी चूप बसा."

झटक्याने उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, 'ठीक'. डॉक्टरांनी समजावलं की त्यांना सगळं कळतं, सांगायचंही असतं, पण तोंडातून तेवढंच बाहेर येतं. पाणी हवं असलं तरी 'ठीक', पाय दुखला तरी 'ठीक', राग आला की मोठ्याने 'ठीक, ठीक'. आई आणि मी सुरावरून ओळखायला शिकलो. बाहेरच्या माणसाला ते कळणं शक्य नव्हतं.

माझी फी भरायची राहिली. सरकारी प्रवेशाच्या फेऱ्यांत माझा नंबर लागला नव्हता. तेव्हा बाबाच म्हणाले होते, "कॉलेजच्या कोट्यातून भेटून राहिली ना सीट, घेऊन टाक. मी आहो ना." त्या कोट्यातल्या मुलांना सरकारी शिष्यवृत्ती नसते हे तेव्हा आम्ही मनावर घेतलं नव्हतं. आता कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्याच पानावर अडकत होता.

"यात माझ्या हातात काही नाही गं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एका खाजगी ट्रस्टचं सांगितलं. घरातला कमावता माणूस अचानक आजारी पडला असेल तर ते मुलांची फी भरत. मला तेव्हा वाटलं, हे तर आमच्यासाठीच आहे.

अर्जात कागदपत्रं नेहमीचीच होती, पण शेवटी कुटुंबावर आलेल्या संकटाचं वर्णन करायला सांगितलं होतं. मी मोबाईलवर लिहायला बसले. आई पलीकडे मशीनवर साड्यांना फॉल लावत होती. झटक्यानंतर घर त्या मशीनवरच चाललं होतं. तिने पाय थांबवला आणि म्हणाली, "काय लिहिलं ते वाच बरं."

मी वाचलं. 'माझे वडील आता कोणतेही काम करू शकत नाहीत. त्यांना बोलता येत नाही. ते पूर्णपणे आमच्यावर अवलंबून आहेत.'

आईने मान हलवली. मी वर पाहिलं तर बाबा पलंगावर जागे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या हाताने उशी ओढून भिंतीकडे तोंड केलं. ती वाक्यं खोटी नव्हती आणि ती काढली तर अर्जात काही उरत नव्हतं. मी तशीच ठेवली.

काही आठवड्यांनी फोन आला. अर्ज पहिल्या छाननीत निवडला गेला होता. येत्या रविवारी ट्रस्टची दोन माणसं घर बघायला येणार होती.

घरमालकीण काकू वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांना कळलं तशा त्या खाली आल्या आणि दारातूनच सगळी खोली नजरेखालून घातली. "तो कूलर मागच्या खोलीत सरकव वं," त्या आईला म्हणाल्या. "टीव्हीवर चादर टाक. अन् ती चांगली साडी घालू नको. ते लोक हेच पाहाले येतात."

आई म्हणाली, "पाहुणे येऊन राहिले घरी, अन् मी पसारा मांडून ठेवू?"

"पाहुणे नाही वं ते."

"मग कोण आहेत?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आई, काकू बरोबर सांगतात." रविवारी सकाळी उठले तर फरशी पुसून झाली होती, पलंगावर धुतलेली चादर होती आणि कूलर जागच्या जागी होता.

मला खरी धास्ती बाबांची होती. एरवी ते गंजी आणि लुंगीवर असत, पण त्या दिवशी त्यांनी गालावरून हात फिरवून दाढीची खूण केली. आईने दाढी करून दिली. मग त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. मी दोन-तीन शर्ट काढून दाखवले. ते मान हलवत राहिले, आणि शेवटी काटोलच्या फेरीला जाताना घालायचे तो निळा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आल्यावर थांबले. "बाबा, साधाच घाला ना आज," मी म्हटलं. त्यांनी तो शर्ट माझ्या हातातून घेतला. आम्ही दोघींनी मिळून तो चढवला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि उजवा हात मांडीवर नीट ठेवला. समोरून पाहिलं तर कोणी म्हटलं नसतं की हा माणूस आजारी आहे.

एक गृहस्थ आणि एक बाई आल्या. दोघं वयस्कर आणि बोलायला सौम्य होती. त्यांच्याविषयी आजही माझी काही तक्रार नाही. दारातली मोटरसायकल पाहून गृहस्थांनी विचारलं, "ही कोणाची?" मी म्हटलं, "बाबांची. आता कोणी चालवत नाही." त्यांनी हातातल्या टॅबवर काहीतरी लिहिलं आणि खुर्ची बाबांच्या समोर ओढून बसले.

"नमस्कार. तब्येत कशी आहे आता?"

"ठीक," बाबा म्हणाले.

"घरचं सगळं कसं चाललंय?"

"ठीक. ठीक."

आई पुढे झाली. "साहेब, त्यांना बोलता येत नाही. तेवढाच एक शब्द..."

"बोलू द्या ना ताई त्यांना," गृहस्थ हसून म्हणाले. "नियम असा आहे की पालकांशी बोलायचं."

मी डॉक्टरांची फाईल उघडून दाखवली. त्यांनी पहिलं पान पाहिलं, "हो, हो, समजलं," म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारला. मुलीच्या शिक्षणाची व्यवस्था कशी करणार होतात? बाबांनी तोंड उघडलं. त्यांना काहीतरी मोठं सांगायचं होतं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या, डावा हात वर झाला, आणि बाहेर आलं ते पुन्हा तेच. मला त्यातलं सगळं कळत होतं. मी काहीच सांगू शकत नव्हते, कारण मी सांगितलं असतं तर ते माझं म्हणणं ठरलं असतं.

मग बाबांनी आईकडे पाहून बोटाने कपाची खूण केली. चहा. ते दोघं नको नको म्हणत असताना आईने चहा ठेवला. बाई घोट घेऊन म्हणाल्या, "छान आहे हो चहा. कोणता आहे?" बाबांचा चेहरा एकदम उजळला. पाठ सरळ झाली. इतक्या महिन्यांत त्यांना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी खुणेने माझ्याकडून आपल्या कंपनीचा पुडा मागवून घेतला, बाईंच्या हातात दिला आणि बोटाने त्यावरचं नाव दाखवत राहिले. त्यांच्याकडे पाहताना मला आनंद होत होता आणि नजर मात्र गृहस्थांच्या टॅबकडे जात होती.

जाताना गृहस्थ म्हणाले, "एक फोटो लागतो, कुटुंबाचा." आई आणि मी बाबांच्या मागे उभ्या राहिलो. बाबांनी डाव्या हाताने कॉलर नीट केली आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसले. टॅबवर तो फोटो मीही पाहिला. आमच्या घरात कसलंही संकट असेल असं त्यात दिसत नव्हतं.

निरोप बऱ्याच दिवसांनी आला, मोबाईलवर. आपल्या अर्जाची निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. निरोपात दिलेल्या नंबरवर मी फोन केला. पलीकडे माझ्याच वयाची मुलगी असावी.

"कारण कळेल का?" मी विचारलं.

"कारण आम्हाला दिसत नाही मॅडम. समितीचा निर्णय असतो."

"घरी आले होते ते लोक. बाबांनी जे उत्तर दिलं ते तसं नव्हतं. त्यांना दुसरं काही म्हणताच येत नाही. हे कोणाला तरी सांगाल का?"

ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे फक्त स्टेटस दिसतं. तुम्ही पुढच्या वर्षी परत भरा ना."

त्या भेटीमुळेच नाव गेलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित आमच्याहून जास्त अडलेली मुलं असतील. कदाचित मोटरसायकल असेल, कदाचित मार्क. ते मला कधीच कळणार नाही. घरी मात्र सांगावं लागलं. फोन वाजला की बाबा माझ्याकडे पाहायचे, तेव्हा लपवणं शक्य नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी मान खाली घातली आणि डाव्या हाताने उजवा हात कितीतरी वेळ चोळत बसले. आई म्हणाली, "काहून बरं नाही दिली?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

कॉलेजने एक वर्ष खंड घ्यायची परवानगी दिली. आता मी एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर असते. डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं, औषधं कुठे ठेवलीत ते पाठ झालंय. परवा माझ्या वर्गातल्या दोन मुली दुकानात आल्या. सर्दीच्या गोळ्या हव्या होत्या. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलबद्दल बोलत होत्या, मला पाहून थांबल्या.

"पुढच्या वर्षी येशील ना परत?" एकीने विचारलं.

"बघू," मी म्हटलं आणि गोळ्या पाकिटात घातल्या. तिला आणखी काही विचारायचं होतं असं वाटलं, पण मागे गिऱ्हाईक उभं होतं, आणि त्याने चिठ्ठी पुढे केली.