म्हशीचा गूळ, सासूची साखर

माझ्या उच्च शिक्षणाचा आमच्या घरात खरा फायदा झाला तो फक्त म्हशीला.

पोरं मोठी झाली आणि पंचेचाळिशीत मला क्लिनिकल न्यूट्रिशनचं एम.एस्सी. करायची हुक्की आली. (आता आजी झाल्यावर हुक्की येते ती फक्त दुपारी आडवं व्हायची.) कुठल्या आजारात पेशंटने काय खावं, हे शिकवणारा अभ्यास! तोवर आमच्या कडाव गावात ते शेजारणी ठरवायच्या. पहिल्या सहामाहीतच मी इतकी विद्वान झाले, की समोर पोहे आले तरी मला पोहे दिसेनात, नुसती कर्बोदकं दिसायची!

त्यातच सासूबाईंचा मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, "साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही." आणि आमच्या लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं!

"मला नातजावयाचं तोंड बघायचं हाय," सासूबाई रडकुंडीला आल्या. "परवा जावई समजून गॅसवाल्याची दृष्ट काढली गं मी!"

"आई, काळजी सोडा. मी आहे ना!" मी म्हणाले. (खरी काळजी तिथूनच सुरू झाली.)

डॉक्टरांच्या गोळ्या चालू, भात बंद, गुळाचा चहा बंद. ताटात वाटीभर मूग आणि काकडीचा डोंगर. त्यांच्या वाटचा भात, घावन, खीर वाया नको म्हणून बिचारी मीच संपवायची. रोज सकाळी त्या गोठ्यातून आल्या, की कापसाने बोट पुसायचं, सुई टोचायची आणि यंत्रात बघायचं.

तीनशे!

"आई, खरं सांगा, चोरून काय खाल्लंत?"

"कुलदेवीची शप्पथ, काय नाय खाल्लं! काकड्या चावून चावून शिंगं फुटायची बाकी हायत!"

मी मूग निम्मे केले. साखर वाढली! डब्यांना कुलपं लावली. आणखी वाढली! मग मी शेजारच्या सुमनवहिनींवर पाळत ठेवली. हीच भिंतीवरून लाडू पोचवत असणार!

"अगं, आई दिवसेंदिवस वाळत चाललीय," आमचे हे म्हणाले. "मग साखर येते कुठून?"

"तेच तर पुस्तकात सापडत नाहीये!"

एका सकाळी सासूबाई अंथरुणातूनच बोलल्या, "माझ्या अंगात जीव नाय. चंद्रीचं आज तूच बघ."

चंद्री म्हणजे आमची म्हैस. हातावरचा गुळाचा खडा चाटल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. (चहा बंद झाल्यापासून घरातला सगळा गूळ तिचाच, म्हणून त्या डब्याला कुलूप नव्हतं.) मी गूळ चारला, दूध काढलं, पदराला हात पुसले आणि सुई घेऊन हजर झाले. सासूबाईंनी हात गोधडीत लपवला.

"आधी तुझं बोट टोच. मग माझं!"

टोचलं. साडेतीनशे!

"अहो! मला आईंपेक्षा जास्त आहे!"

"अभ्यासाने झाली असेल," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

रक्ताचा थेंब आला म्हणून सवयीने मी बोट तोंडात घातलं. गोड!!

"अहो, धावा! माझं रक्त गोड झालंय!"

"तुझ्यात गोड काही आहे, हे आजच कळतंय."

मी सासूबाईंच्या अंथरुणावरच बसले. आता लग्नात लेकीला निरोप कोण देणार? सासूबाईंनी मायेने माझा हात धरला आणि लगेच सोडला.

"अगं, चिकट काय लागतंय? येडे, चंद्रीचा गूळ तसाच हाय की हाताला!"

गोठ्यातून चंद्री हंबरली. (मला तरी ते हसणंच वाटलं.)

मी साबणाने हात धुऊन पुन्हा टोचलं. साखर अगदी शहाण्यासारखी! मग सासूबाईंचे हात धुतले, टोचलं. काकड्यांनी आणि गोळ्यांनी मिळून त्यांची साखर केव्हाच उतरवली होती. इतकी, की आता तातडीने गोड द्यायला हवं होतं! गुळाच्या डब्याकडे धावले. रिकामा! शेवटचा खडा चंद्रीच्या पोटात. साखरेचा डबा कुलपात, आणि किल्ली मी इतकी जपून ठेवलेली, की मलाच सापडेना. शेवटी सुमनवहिनीच वाटीभर साखर घेऊन आल्या.

"घ्या. पाळत ठेवलीत ना? आज भिंतीवरून नाय, दारातनं आणलीय!"

ऑपरेशन वेळेत झालं. लग्नाआधी सासूबाईंनी नातजावयाला डोळे भरून पाहिलं. "बरा हाय गं," म्हणाल्या. मग वळल्या आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"आई, मी! तुमची सून!"

"अगं बया! उपास मी काढले, नि बाळसं तू धरलंस?"

(एम.एस्सी. पुढे झालं. बाळसं अजून उतरलेलं नाही.)