पथिकराजचा भागीदार

अनीस पिंजारी यांचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस नंदुरबारला बसस्टँडच्या समोरच्या ओळीत होतं. दहा बाय बाराचा गाळा, काउंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर केदारनाथ, अजमेर, काश्मीर असे एकाखाली एक चिकटवलेले फोटो. वडील गाद्या भरायचे. अनीसभाईंनी तो धंदा धरला नाही. ते म्हणायचे, लोकांना झोपवण्यापेक्षा फिरवणं बरं. सन दोन हजारपासून ते अहमदाबादच्या 'पथिकराज टुर्स लिमिटेड' या कंपनीचे जिल्ह्यातले एजंट होते.

मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. पुण्या-नाशकाची माझी तिकिटं पंधरा वर्षं त्यांच्याकडूनच निघायची. त्यांचं काम नुसतं तिकीट फाडण्याचं नव्हतं. जवळच्या कोरीट गावच्या पितांबरभाऊ पाटलांनी एका उन्हाळ्यात गावोगावची एक्केचाळीस माणसं चारधामला न्यायची ठरवली, तेव्हा कुणाला गुडघेदुखी आहे, कुणाला खालचाच बर्थ हवा, कोण कांदा-लसूण खात नाही, हे सगळं अनीसभाईंनी घरोघर जाऊन लिहून आणलं होतं. ऋषिकेशला वत्सलाबाई नावाच्या म्हातारीला ताप भरला, तर तिच्यासाठी डॉक्टर अनीसभाईंनी नंदुरबारहून फोनवर शोधला. त्या सहलीनंतर पितांबरभाऊ त्यांना 'मन्हा भाऊ' म्हणायला लागले. केळीचा ट्रक भरून झाला की शहरात यायचे आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तासभर बसून जायचे.

मग तिकिटं फोनवर निघायला लागली. आधी कॉलेजची पोरं गेली, मग बँकेतले लोक, मग आम्ही मास्तर. मीही गेलो. दोन-तीन मिनिटांचं काम, तेही घरबसल्या. त्यांच्या दुकानावरून जाताना मी समोरच्या फुटपाथने जायला लागलो, हे इथे कबूल करून टाकतो.

दोन हजार एकवीस साली, करोना ओसरत असताना, अनीसभाईंनी पथिकराजचे शेअर घ्यायचं ठरवलं. भाव तेव्हा पार जमिनीला टेकला होता. बँकेच्या ठेवीवरचं व्याज ते कधी घेत नसत. शेअर म्हणजे मात्र धंद्यातली भागीदारी, ती चालते, असं त्यांनी दोघा-तिघा जाणत्यांना विचारून पक्कं केलं. पैशासाठी त्यांनी आपली सतरा सीटची गाडी विकली. तोरणमाळ, सापुतारा अशा सहलींना ती जायची.

त्यांच्या घरात बोलणं अहिराणीच. बायको अकिला म्हणाली, "गाडी आंगणमा उभी ऱ्हास, डोळाले दिखास. हाऊ शेअर कोठे उभा ऱ्हास?"

"मन्हा धंदा शे हाऊ," अनीसभाई म्हणाले. "मी नही वळखत ते कोण वळखी?"

पहिली दोन वर्षं ते खरे ठरले. घरात कोंडलेली माणसं फिरायला सुटली आणि शेअर अडतीसवरून शंभराच्या जवळ गेला. बसस्टँडसमोरचे दुकानदार त्यांना थांबवून सल्ला विचारू लागले. पितांबरभाऊ केळीचे पैसे घेऊन आले, "अनीस, मालेबी ली दे." अनीसभाईंनी त्यांच्या मुलाला, योगेंद्रला, शेजारी बसवून खातं उघडायला शिकवलं. पहिली खरेदी स्वतः करून दाखवली.

एकटी त्यांची मुलगी आफशीन खूश नव्हती. ती नाशिकला एका दवाखान्याच्या हिशेब विभागात नोकरीला होती. ईदला घरी आली तेव्हा तिने सरळ विचारलं, "अब्बा, काल तुमन्हा दुकानमा कितला लोके उनात?"

"तीन."

"तुमन्हाकडे तीन येतस, मंग कंपनीकडे कोण जाई? चढेल शे तवर इकी टाका."

अनीसभाई चिडले. सत्तरीच्या माणसाला बद्रीनाथला जायचं असेल तर त्याला फोन लागत नाही, माणूस लागतो, असं ते बराच वेळ मोठ्याने सांगत राहिले. आफशीन नंतर मला म्हणाली, "सर, मी शेअरबद्दल बोलत होते. अब्बांना वाटलं, मी त्यांच्याबद्दलच बोलतेय." मला वाटतं तिचं बरोबर होतं. ते शेअर विकणं म्हणजे आपली तेवीस वर्षं संपली असं स्वतःच्या तोंडाने म्हणणं होतं, आणि ते त्यांना जमत नव्हतं.

दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत एका दुपारी ते माझ्या घरी आले. कंपनीचा इंग्रजी मेल आला होता, तो त्यांनी छापून आणला होता. थोडंफार त्यांना कळलं असणार. तरी म्हणाले, "सर, नीट वाचून सांगा. माझी समजण्यात चूक होत असेल."

चूक होत नव्हती. 'प्रिय भागीदार' अशी सुरुवात होती. त्यानंतर तीन परिच्छेद कंपनीच्या नव्या अॅपचं कौतुक, आणि शेवटी एक ओळ, की एकतीस मार्चपासून देशभरातल्या सगळ्या एजन्सी बंद होत आहेत. खाली कुणाची सही नव्हती.

मी मराठीत सांगितलं. माझी बायको चहा ठेवून गेली, तो तसाच राहिला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पितांबरभाऊंचा आवाज मोठा, समोर बसून मलाही सगळं ऐकू येत होतं.

"अनीस, दखं का? आपला शेअर आज जोरमा चढना! टीव्हीवर सांगी ऱ्हायनात, कंपनीनी खर्चा कमी करा म्हणे. तू म्हणस तेच खरं निंघनं!"

"हा भाऊ," अनीसभाई म्हणाले. "चढना."

त्यांनी फोन ठेवला. कागदाची बारीक घडी केली, खिशात घातली, परत काढली. मग मराठीत, अगदी शाळेत उत्तर द्यावं तसे म्हणाले, "सर, मला काढलं म्हणून माझे पैसे वाढले." आणि हसले. मी चहा गरम करून आणायला सांगितला.

त्या आठवड्यात विकले असते तर गाडीच्या किमतीच्या अडीचपटीहून जास्त पैसे हातात आले असते. आफशीनने रोज फोन केला. पण आता त्यांना वेगळंच सुचलं होतं. कंपनीची वार्षिक सभा सप्टेंबरात असते आणि तिथे भागधारकाला बोलता येतं. "एजंट म्हणून मला काढता येतं. मालक म्हणून काढून दाखवा म्हणावं." बोलण्याचा हक्क राहावा म्हणून त्यांनी एकही शेअर विकला नाही.

सभा अहमदाबादला कुठल्या हॉलमध्ये नव्हतीच, ती स्क्रीनवर होती. आफशीन सुट्टी काढून आली, तिने बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आधीच घालून घेतलं होतं. एकोणिसावा नंबर मिळाला. रिकाम्या झालेल्या गाळ्यात टेबलावर तिचा लॅपटॉप ठेवून आम्ही तिघं बसलो. अनीसभाई इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. प्रश्न त्यांनी हिंदीत लिहून काढला होता, चार वेळा माझ्याकडून तपासून घेतला होता. ज्यांनी चोवीस वर्षं तुमच्याकडे माणसं आणली, त्यांना काढून वाचलेल्या पैशातून आम्हाला लाभांश मिळणार असेल तर तो किती, एवढंच सांगा. असा तो प्रश्न.

आधीच्या अठरा जणांपैकी बहुतेकांनी अध्यक्षांना दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या. अडीच तासांनी यांचं नाव पुकारलं. अनीसभाई उभे राहिले. उभं राहिल्यावर त्यांचा चेहरा स्क्रीनवरून गेला, सदऱ्याची बटणंच दिसायला लागली, म्हणून आफशीनने त्यांना हाताला धरून बसवलं.

"मैं नंदुरबार से अनीस पिंजारी. चौबीस साल से मैं आपका एजंट..."

"कृपया ताळेबंदाविषयीच विचारावं," असं एक बाई हिंदीत म्हणाल्या आणि यांचा आवाज तिकडून बंद केला. स्क्रीनवर माईकच्या चित्रावर लाल रेघ आली. अनीसभाईंना ती कळली नाही. ते कागद वाचत राहिले, सावकाश, शब्दावर जोर देत. आफशीनने माझ्याकडे पाहिलं. तिने त्यांना थांबवलं नाही, मीही थांबवलं नाही. वाचून झाल्यावर ते उत्तराची वाट बघत बसले, आणि तिकडे विसाव्या माणसाने शुभेच्छा द्यायला सुरुवात केली.

अॅप चाललं नाही. एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांची अॅप असताना पथिकराजचं कोण उघडणार? आणि ज्यांना माणूस लागत होता त्यांच्यासाठी कंपनीकडे माणूसच उरला नव्हता. वर्षभरात भाव सहा रुपयांवर आला. पुढे दिवाळखोरीचं प्रकरण उभं राहिलं, शेअरची खरेदी-विक्रीच थांबली.

तेव्हा अनीसभाई कोरीटला गेले. आपल्या शब्दावर पितांबरभाऊंचे पैसे बुडाले, तोंड दाखवून तरी यावं, म्हणून. अंगणात योगेंद्र भेटला. "काका, आमचे शेअर तर कंपनीने खर्च कमी केला त्याच दिवशी काढले होते, खूप चढला होता ना त्या दिवशी. पप्पांनी सांगितलं नाही का?"

पितांबरभाऊ ओट्यावर होते. ते म्हणाले, "तुले सांगतू ते तुले वाईट वाटतं."

हे मला अनीसभाईंनीच सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? "काय म्हणू? त्यांचे वाचले, ते चांगलंच झालं," म्हणाले. आणि मग, "पण त्या दिवशी फोन करून मला सांगत होते ना, आपला शेअर चढला. आपला म्हणत होते." त्यानंतर ते कोरीटला गेलेले नाहीत, आणि पितांबरभाऊही इकडे येत नाहीत.

गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. अनीसभाई एका खासगी बसवाल्याकडे कामाला आहेत. संध्याकाळी बायपासवर, पेट्रोल पंपाजवळ उभे असतात. फोनवर ऑनलाइन तिकीटवाल्यांची यादी येते, ती वाचून माणसं गाडीत चढवायची. गेल्या महिन्यात मी पुण्याला निघालो तेव्हा तिथे भेटले. इकडचं तिकडचं बोलल्यावर राहवलं नाही, विचारलं, शेअरचं काही होईल का?

"आहेत अजून माझ्या नावावर. कोणी घेत नाही, मला देता येत नाहीत," ते म्हणाले. तेवढ्यात बस आली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि मोठ्याने नावं पुकारायला लागले. एक जण उशिरा आला, पळत, कानाला फोन लावून. अनीसभाईंनी त्याला नाव विचारलं. त्याने त्यांच्याकडे न बघता स्क्रीन पुढे केली आणि चढून गेला.