कुणाची प्रोसेस आहे ही?

हसणार नसाल तर सांगतो. छे, हसणारच तुम्ही! हसा, पण चहा सांडू नका म्हणजे झालं.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. तिथला सर्व्हर मी सांभाळतो. माल, लेबलं, गेटपास, सगळं एकाच डेटाबेसवर. तो बसला की कंपनी बसली.

त्या दिवशी सकाळपासून रखडत होता, अकराला बसलाच! बटण दाबा, मिसळ खाऊन या, तरी स्क्रीन फिरतेच आहे. सर्व्हरवर चालू असलेल्या कामांची यादी काढून बघतो तर एक प्रोसेस एकटीच सगळा सर्व्हर खातेय. कुणाची? देव जाणे! अख्खी कंपनी एकाच लॉगिनने आत शिरते.

आता अशी मोकाट सुटलेली प्रोसेस बंद करायची, तर आधी मालकाला विचारायचं, मग तिला सभ्यपणे थांबायला सांगायचं, आणि अगदीच ऐकेना तर मारायचं. हे मीच सगळ्यांना शिकवतो बरं का!

प्लॅनिंगच्या सचिनला फोन लावला. "कसला रिपोर्ट लावून बसलायस रे?"

"मी कशाला लावू, राव? माझं तर काही उघडतच नाहीये!"

"खोटं बोलू नकोस. सापडलास तर साहेबांना नाव देणार!"

क्वालिटीवाल्यांनाही असाच दम भरला. साहेबांनाही कळवून टाकलं, की गुन्हेगार शोधतोय, नाव देतो. सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

बरं, ती मोठी प्रोसेस सरळ मारावी, तर हात धजेना. एवढी खातेय म्हणजे काहीतरी महत्त्वाचंच असणार ना? मग या शहाण्याने काय केलं असेल? आजूबाजूच्या चार लहान उडवल्या! किल मायनस नाईन. सूचना नाही, निरोप नाही, थेट मुंडी.

दोन मिनिटांत डिस्पॅचच्या इनचार्ज कांबळे मॅडमचा फोन. "कुलकर्णी, एकशेचाळीस खोकी स्कॅन केली होती मी. सगळी गेली हो! गाडी गेटवर उभी आहे. बाराला निघाली नाही, तर तिकडे गिऱ्हाइकाची लाइन थांबेल आणि ते माझ्या नावावर येईल."

धावत खाली गेलो. कांबळे मॅडम पॅकिंगमध्ये नोकरीला लागल्या होत्या, तिथून स्वतःच्या हिमतीवर इनचार्ज झालेल्या. त्यांचं नाव खराब करायचं, तेही मी?

"मॅडम, मीच उडवलं ते. एक मोठी प्रोसेस सगळा सर्व्हर खातेय, सचिनचीच असणार, पण तिला मारायला हात धजेना."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "ती मोठी कधीपासून चालू आहे?"

"नऊ वाजून सात मिनिटांपासून."

"नऊ सातला? तेव्हा तर सगळी कंपनी खाली शॉपवर सुरक्षेची शपथ घेत उभी असते. सचिन माझ्या शेजारीच होता." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही मात्र दिसला नाहीत."

अरे देवा! शपथ चुकवून मी वर एकटाच बसलो होतो. एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, करून बघत होतो. दोन टेबलं जोडायची अटच लिहायची विसरलो, म्हणजे इकडची प्रत्येक ओळ तिकडच्या प्रत्येक ओळीला जोडत बसा! स्क्रीन अडकली, म्हणून विंडो बंद केली आणि चहाला गेलो. विंडो बंद, म्हणजे काम बंद, असं मला वाटलं हो! ते बिचारं तिकडे राबतच होतं.

"मालक सापडला," मॅडम म्हणाल्या. "आता नीट सांगून थांबवा."

थांबवली. सर्व्हर लगेच पळायला लागला. मग मी खोकी फिरवून लेबल समोर धरतोय आणि मॅडम स्कॅन करतायत. शर्ट भिजून चिंब! बाराला दहा कमी असताना गाडी गेटबाहेर पडली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तेवढ्यात डिस्पॅचचा फोन वाजला. मॅडमनी स्पीकरवर टाकला. साहेब!

"सापडला का तो? कुलकर्णी नाव देणार होते."

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमच बोलल्या. "सापडला साहेब. नवीन आहे, शिकतोय अजून. जाऊ द्या."

"बरं. पण त्याला दोन दिवस कुलकर्णींच्या हाताखाली बसवा."

मॅडमनी फोन ठेवला. "काय, घेताय ना त्याला?"

घेतो म्हटलं. काय करणार? अकरा वर्षं झाली कंपनीत, अजून शिकवतोच आहे त्याला!