फौजदाराच्या पिसवा

पिसवा घरातून जातात हो, पण त्यांचे किस्से काही जात नाहीत! डेअरीवर जा, लग्नाच्या मांडवात जा, कुणीतरी विचारतंच, "काय वहिनी, गेल्या का पिसवा?" मग मी एक किस्सा सांगते, त्यातून दुसरा निघतो. आणि ऐकणारं माणूस हळूच पोटरी खाजवायला लागतं. तुम्हीपण खाजवाल, बघा.

आता हसते मी. तेव्हा मात्र जिवाला घोर लागला होता. कारण प्रश्न पिसवांचा नव्हताच, फौजदाराचा होता.

फौजदार म्हणजे आमचा कुत्रा. निरगुडसरला गावापासून लांब, शेतात आमची वस्ती. तिन्ही बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. आमच्याकडं ही काही बातमी नाही. दूधवाल्यासारखं त्याचं येणं-जाणं चालू असतं. शेजारच्या बाळूभाऊंचा कुत्रा त्यानं अंगणातून नेला, सकाळी नुसती साखळी राहिली होती. तेव्हापासून वस्तीवरच्या सगळ्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे, टोकं बाहेर. बिबट्या मान धरतो ना, म्हणून. शिवाय आमचा फौजदार रात्री पडवीत, ग्रिलच्या आत झोपायचा.

आमच्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. "कुत्र्याची जागा उंबऱ्याच्या भाईर," असं त्यांचं मत. त्याला नावानं हाक त्यांनी कधी मारली नाही. "ते कुत्रं" म्हणायच्या.

*

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडं होतं. पडवीत सतरंजी घातलेली, बायका सगळ्या काठापदरात. जरा वेळानं बाळूभाऊंची नंदा पाय चोळायला लागली. मग दुसरी. मग तिसरी निऱ्या वर करून घोटा बघायला लागली. सणाच्या दिवशी घरच्या बाईला तोंडावर कसं बोलायचं?

"मच्छर लई झाल्यात औंदा," एक जण मोठ्या मनानं म्हणाली.

मलाही रात्री चावत होतं, पण ढेकूण असतील म्हणून मी गप्प बसले होते.

तेवढ्यात पुष्पाकाकूंनी पोटरीवर काहीतरी पकडलं आणि दोन नखांत चिरडलं. मी दिलेली स्टीलची वाटी पुढं धरून सगळ्यांदेखत विचारलं, "सूनबाई, वाटी तर घेतली. ह्या पिसवा बी वाणातच का?"

आत्या उठून आत गेल्या, त्या बायका जाईपर्यंत बाहेरच आल्या नाहीत. आल्या त्या निकाल घेऊनच. "एक तर पिसवा जातील, न्हाईतर कुत्रं जाईल. तवर ते गोठ्यात!"

आमच्या गोठ्याला दार नाही, नुसते खांब आणि वर पत्रा. माझ्या डोळ्यांपुढं बाळूभाऊंची साखळी आली. तसा गोठा आत्यांच्या खोलीला लागून आहे, त्या खोलीचं मागचं दार गोठ्यातच उघडतं. पण त्याचा काय उपयोग? आत्यांची झोप अशी गाढ की बिबट्या शेजारी येऊन घोरायला लागला तरी कळायचं नाही.

*

आमच्या ह्यांनी कुत्र्याचा शाम्पू आणला. हौदाशी आम्ही दोघं फौजदाराला धरून बसलो. अंगभर फेस झाला, आता पाणी ओतणार, तोच तो सटकला! नखशिखांत पांढरा, नुसते डोळे तेवढे काळे, असा उसाच्या कडेनं सुसाट.

बिबट्यासाठी आमच्या वस्त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुठं दिसला की लगेच टाकायचं, म्हणजे बाकीचे पोरांना आत घेतात. ह्यांचा फोन वाजला. एक हललेला फोटो आणि खाली बाळूभाऊंचा मेसेज: "सावधान! पांढरा बिबट्या!!" पाठोपाठ दुसरा: "मी काठी घेऊन निघालोय. पोरं बी हायती."

बिबट्याच्या तावडीतून वाचवायचं आणि माणसांनी मारायचं? हे चिखलातून पळत सुटले आणि पळता पळताच फोनवर ओरडले, "मारू नका रं! त्यो आमचा फौजदार हाय! त्याची आंगूळ अर्धी ऱ्हायलीय!"

*

शाम्पूनं पिसवा कमी झाल्या आणि आठवड्यात परत होत्या तेवढ्याच. फौजदार गोठ्यातच. मला झोप लागायची नाही. रात्री त्याचं एकदाही भुंकणं ऐकू यायचं नाही, आणि भुंकत नाही म्हणजे नेला, असंच वाटायचं. उजाडलं की अनवाणी गोठ्याकडं पळायची. तर हा शेपूट हलवत उभा! अंग हाताला गरम. "तुला गारठा कसा वाजत नाही रे?" मी विचारायची.

माझी ही तगमग बघून ह्यांच्या डोक्यात भलतंच आलं. कांद्यावर मारायचं औषध पाठीवरच्या पंपात उरलं होतं. "कांद्यावरची कीड जाती, तर पिसवांची काय बिशाद!" म्हणाले आणि फौजदारावर फवारलं. मी ओरडेपर्यंत काम झालं होतं.

थोड्या वेळात त्याची लाळ गळायला लागली. पाय लटपटले, अंग थरथरायला लागलं. देवा रे, तेव्हा मला काय झालं ते सांगता येत नाही. भरपूर पाण्यानं त्याला धुतलं, पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्यांवर ठेवलं आणि मंचरला डॉक्टरांकडं निघालो. वाटेत मी लेण्याद्रीच्या गणपतीला बोलून बसले, "ह्याला वाचव, सगळ्या पायऱ्या अनवाणी चढीन."

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं आणि मग ह्यांच्याकडं वळले. "औषध किती घेतलं होतं?"

"नेहमीचंच, सर. पंपाला एक टोपण."

"बरं. आणि एकरी किती कुत्री बसतात?"

संध्याकाळी फौजदारानं मान वर केली आणि मी दवाखान्यातच रडायला लागले.

निघताना डॉक्टरांनी नीट समजावलं. "कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या. त्यांची अंडी घरात पडतात, गोधड्यांत, सतरंजीत, फरशीच्या फटींत. हा पुरता बरा झाला की याच्या वजनाप्रमाणं मानेवर टाकायचं औषध मी देईन. पण घर कानाकोपऱ्यातून झाडा, अंथरुणं गरम पाण्यानं धुवा. एकदा करून थांबू नका. एक अंथरूण राहिलं, तरी परत येतील."

घरी आलो तर आत्या ओट्यावर बसलेल्या. "आली का पीडा परत?" एवढंच म्हणाल्या. आत त्यांचं ताट झाकलेलं तसंच होतं.

"जेवला नाहीत, आत्या?"

"गॅस झाल्यात," म्हणाल्या आणि खोलीत गेल्या.

*

मग आम्ही घरच बाहेर काढलं. गाद्या, गोधड्या, दिवाण, कपाटं, सगळं अंगणात. चुलीवर पाणी उकळतंय, मी धुतीय, हे झाडतायत. आत्यांनी मात्र आपल्या खोलीला कडी घातली. "माज्या खोलीत कुत्रं येत न्हाई, मग पिसवा कशाला येत्याल?" म्हटलं, बरोबर आहे.

आता आमच्याकडं सामान अंगणात आलं की लोक एकच समजतात, भाऊ-भाऊ वेगळे झाले! ह्यांचे धाकटे भाऊ पुण्याला नोकरीला, त्यांना यातलं काही माहीतसुद्धा नाही. पण बातमी थेट आणे गावी पोचली, आत्यांच्या भावाकडं. दुपारी मामांची जीप धूळ उडवत अंगणात!

"माज्या भनीला इचारल्याबिगर वाटण्या करता व्हय रं?" मामा उतरायच्या आधीच कडाडले. "बोलव त्या धाकट्याला!"

"मामा, वाटण्या नाहीत," मी म्हटलं. "पिसवा झाल्यात."

मामांनी सगळ्या सामानावरून नजर फिरवली. "आस्सं. मंग त्या कुनाच्या वाट्याला आल्या?"

*

मामा आलेच होते, ते राहिले. तोवर फौजदार बरा झाला, मानेवर औषध पडलं. माझं अंग खाजायचं थांबलं, ह्यांचं थांबलं. आत्यांचं काही थांबेना. जेवताना एका पायानं दुसरा पाय घासायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "उष्णता हाय."

मामांना बहिणीचे हाल बघवेनात. "आक्का, तू म्हनली व्हतीस ना, पिसवा न्हाईतर कुत्रं? मंग मी नेतो त्याला. आमच्या पठारावर ऊस न्हाई, बिबट्याची एवढी भीती न्हाई. सुखात ऱ्हाईल."

मी आत्यांकडं बघितलं. आता तरी नको म्हणतील? त्या ताटातला भात चिवडत बसल्या. हे तरी कसे बोलणार? शब्द आईचा होता.

सकाळी मी फौजदाराला दूध-भाकरी घातली. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. मामांनी त्याला जीपमध्ये मागं बसवलं, दोरी बांधायला घेतली आणि त्यांना एकदम आठवलं. "आक्काची गोधडी ऱ्हायलीच की! तिला ऊन दिऊन जातो."

"ऱ्हाऊ दे तू!" आत्या आतून ओरडल्या. पण मामा खोलीत शिरले आणि गोधडी ओढतच बाहेर आले. अंगणात पसरली.

चांगली जाड, इरकली लुगड्यांची गोधडी. पायथ्याकडच्या कोपऱ्यात बारीक बारीक भोकं पडलेली, अर्ध्या गोलात, ओळीनं. मामा वाकून बघायला लागले. हेही बघायला लागले.

तेवढ्यात फौजदारानं जीपमधून उडी मारली. पळत आला, गोधडीवर स्वतःभोवती एक गिरकी घेतली, त्या भोकांवर मान टाकली आणि डोळे मिटून घेतले.

दारात आत्या उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. मग माझ्यावरच खेकसल्या.

"बघत काय बसलीस? फौजदाराला त्यो खिळ्याचा पट्टा दिवसाच घालत जा. रातचं लई टोचतोय!"