सुया, तुंबड्या आणि वर्षश्राद्ध

अ‍ॅक्युपंक्चरला जाण्यापूर्वी मी पुस्तकांतून बरीच माहिती काढली होती. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस ताप आला तरी आधी कपाट उघडतो आणि मग थर्मामीटर शोधतो. पुस्तकांत सगळं होतं. सुई केसासारखी बारीक असते, टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, मग त्या जागी जडपणा येतो, उपाशीपोटी जाऊ नये, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं. सुया टोचून पडलेल्या माणसाशी शेजारच्या खाटेवरून काय काय बोललं जातं, ते मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मी तिथे पोचलो तो कंबरेमुळे. गेल्या वर्षी बायको गेली तेव्हाही माझी कंबर धरलेली होती. आम्हाला मूलबाळ नाही. सगळे विधी पुतण्याने केले आणि मी बाकावर बसून पाहिले, आगंतुक पाहुण्यासारखा. वर्षश्राद्ध तरी माझ्या हातून व्हावं आणि जमिनीवर बसून व्हावं, एवढं मी मनाशी धरलं होतं. महिना राहिला आणि कंबरेने पुन्हा संप पुकारला.

गुरुजींना फोन केला.

“मग काका, खुर्ची घ्या ना. हल्ली सगळे खुर्चीवरच बसतात. समोर टीपॉय ठेवा, त्यावर मांडू.”

“शास्त्रात चालतं?”

“शास्त्र फार समजूतदार आहे हो.”

आमच्याकडे टीपॉय आहे. बायको दर रविवारी त्यावर पाय ठेवून पेपर वाचायची. त्याच टीपॉयवर तिचा पिंड ठेवायला माझं मन तयार होईना.

पुतण्या म्हणाला, “काका, मी बसतो ना. हाफ डे टाकतो.” तो मनापासून म्हणाला, म्हणून त्याच्यावर रागावताही येईना. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला, व्यायाम दिले आणि धीर धरायला सांगितलं. तिथी धीर धरत नाही, हे त्यांना कोण सांगणार? शेवटी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या एका क्लिनिकचं नाव सुचवलं. आमचे सेक्रेटरी गळक्या टाकीवर कधी उपाय सुचवत नाहीत, पण माणसांच्या दुखण्यांवर त्यांच्याकडे कायम एक पत्ता असतो.

क्लिनिक एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. एका बाजूला फरसाणाचं दुकान, दुसऱ्या बाजूला कोचिंग क्लास. डॉक्टरीणबाईंनी आधी जीभ पाहिली. मग दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून बराच वेळ डोळे मिटून बसल्या. त्यांना झोप लागली की काय, अशी मला शंका आली.

“जवळचं कुणी गेलंय का?” त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

“बायको.”

“आमच्या शास्त्रात दुःख फुफ्फुसात राहतं.”

“पण दुखते कंबर.”

“कंबर मूत्रपिंडांच्या हद्दीत येते. तिथे भीती राहते.”

राग यकृतात आणि काळजी प्लीहेत, हेही त्यांनी सांगितलं. ग्रंथपाल म्हणून मला ही मांडणी आवडली. प्रत्येक भावनेला कपाट ठरलेलं, खण ठरलेला. वर्षभर सांत्वनाला आलेल्यांनी मला ‘वेळ हेच औषध’ असं सांगितलं होतं. दुःख नेमकं कुठे ठेवलंय हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

“बरं होईल ना?”

“गॅरंटी देत नाही. काहींना आराम पडतो, काहींना नाही. आणि हाडांच्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.”

इथे बिल्डर चोवीस तास पाण्याची गॅरंटी देतो आणि आपण टँकरची वाट पाहत राहतो. गॅरंटी नाकारणारं माणूस भेटलं, यानेच मला निम्मं बरं वाटलं.

खाटांमध्ये फक्त पडदे होते. मी पालथा पडलो होतो, कंबरेत सुया, गुडघ्यांच्या मागे सुया. बाई खोली सोडून गेल्या आणि डावीकडच्या पडद्यामागून आवाज आला.

“अंकल, पहली बार? डरो मत. बस हिलना मत.”

बोलणाऱ्या बाई गुजराती होत्या, हे आवाजावरूनच कळलं. मी हुंकार दिला.

“घर में कौन कौन है?”

“मैं अकेला. मिसेस नहीं रही.”

“अरेरे. कितना टाइम हुआ?”

“साल होने आया.”

“तो फिर साल तो हो गया.” आणि लगेच पुढे, “मेरी ननद की सहेली है. भाईंदर वेस्ट में ही. खुद का वन बीएचके. घुटने का ऑपरेशन भी करा लिया है, मतलब अब कोई खर्चा नहीं.”

मी उशीत तोंड खुपसलेलं. उठून जावं तर पाठीवर सुयांचं शेत. ‘उपचार चालू असताना हालचाल करू नये’ हे वाक्य मी वाचलं होतं. ते कुणाच्या सोयीसाठी लिहिलंय, ते आत्ता कळलं.

उजवीकडच्या पडद्यामागून एक पुरुषी आवाज आला, “अरे बेन, पहले अंकल की सुई तो निकलने दो.”

“मैं तो बस बता रही हूँ. फोटो है मेरे पास.”

पुढच्या खेपांना मी डावीकडची खाट कोणाची आहे, हे आधी विचारून घ्यायचो. कंबर हळूहळू सुटत गेली. सुयांनी, गोळ्यांनी, की तेवढा वेळ कुणाचा फोन घ्यावा लागत नव्हता म्हणून, देव जाणे. संध्याकाळी मी घरी जमिनीवर मांडी घालून बसायचा सराव करू लागलो. उठताना पलंगाचा आधार लागायचा, पण बसता येत होतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “उद्या बराच वेळ बसायचंय ना? आज कपिंग करू.” त्यांनी काचेच्या पेल्यांत ज्योत फिरवून ते एकेक करून पाठीवर पालथे घातले. कातडी आत ओढली गेली. दुखलं नाही, पण आपली पाठ कुणीतरी उचलून बघतंय, असं वाटलं.

“डाग राहतील हं. आठवडाभरात जातात. शर्टात दिसत नाहीत.”

मी मान डोलावली. दोघंही शिकलेले. श्राद्धाला शर्ट काढावा लागतो, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा, वहिनी आणि पुतण्या आले. गुरुजींनी दर्भ मांडले. मी सदरा काढला, खांद्यावर उपरणं घेतलं आणि पाटावर बसलो. मागे वहिनी किंचाळल्या.

“अगं बाई! भावोजी, हे काय हो? डाग कुणी दिले?”

“डाग नाहीत, वहिनी. कपिंग. चिनी उपचार आहे.”

वहिनी वाकून निरखायला लागल्या. “चिनी कसला? ही तुंबडी! आमच्या गावात न्हावी लावायचा. भोपळ्याची असायची. पाठीवर अश्शीच चकंदळं उठायची.”

“हिच्या गावात चीनच्या आधीपासून सगळं होतं,” दादा म्हणाला.

“होतंच मुळी. आणि एका नारळाच्या मोबदल्यात व्हायचं काम. तुम्हा शिकलेल्यांना पडद्याआड झोपवल्याशिवाय पटत नाही.”

गुरुजींनी हातातली पळी खाली ठेवली. “वहिनी, नाव काही असू दे. काका, फरक पडतो का ते सांगा. दिवसभर मांडी घालून माझीही कंबर कामातून गेलीय. कुठे म्हणालात?”

“पूनम सागरला.”

“म्हणजे पार्किंगची बोंब. बरं, अपसव्य करा.”

मी उपरणं उजव्या खांद्यावर घेतलं. त्याने निम्मे डाग झाकले गेले. गुरुजी मंत्र म्हणत होते, मी मागोमाग म्हणत होतो. मागे वहिनी दादाला तुंबडीच्या आणखी गोष्टी सांगत होत्या आणि दादा त्यांना गप्प बसवत होता. पाय बधिर झाले, पण बसलेलो होतो.

“डावा गुडघा टेकवा. पिंड हातात घ्या आणि पुढे वाका.”

वाकलो तशी कंबरेतून कळ निघाली, चांगली मांडीपर्यंत. माझा हात थांबला. पुतण्या लगेच उठून शेजारी आला. “काका, द्या इकडे. मी ठेवतो.”

“बस तू.”

मी डावा तळवा फरशीवर टेकला, उजव्या हातातला भाताचा गोळा सावरला आणि वाकलो. अंगाला घाम फुटला. पिंड दर्भावर ठेवला. किंचित वाकडा बसला, पण बसला.

“गोत्र म्हणा. आणि त्यांचं नाव,” गुरुजी म्हणाले.

गोत्र म्हटलं. मग तिचं नाव घेतलं. तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. त्यांनी कमरेला चाचपून तो बंद केला.

“सॉरी हं, काका. ऐकू नाही आलं. परत सांगा.”

मी नाव परत सांगितलं. या वेळी मोठ्याने, सावकाश, आधी तिचं, मग माझं, मग आडनाव.

“हां. आता त्यावर पाणी सोडा.”

मी पाणी सोडलं.